अटींनी बांधलेले गट : प्रतबंदी, पैसेवारी आणि कर्जमुक्तीची संगणकीय चाळणी (पातूर परिसराच्या संदर्भात)

मनुष्यांचे गट दोन रीतींनी बांधता येतात. एकीत गटातील व्यक्तींची नावे लिहून ठेवली जातात. दुसरीत नावाऐवजी अट लिहिली जाते, आणि त्या अटीत जो बसेल तो आपोआप गटात मोडतो. पहिल्या रीतीचा गट कोणीतरी केलेला असतो व त्याचा जाब त्या व्यक्तीला विचारता येतो. दुसऱ्या रीतीचा गट ‘झालेला’ असतो. तेथे जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न सहसा अनुत्तरित राहतो.

आजच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये वापरकर्त्यांचे जे स्वयंचलित गट असतात ते या दुसऱ्या रीतीचे होत. व्यवस्थापक तेथे कोणाचेही नाव घालीत नाही. नोंदीतील कोणता रकाना पाहावयाचा, त्याची तुलना कशी करावयाची आणि तुलनेचा आकडा कोणता, एवढेच तो ठरवितो. अशा अनेक अटी ‘आणि’ किंवा ‘किंवा’ या शब्दांनी जोडल्या की चाळणी सिद्ध होते. पुढे नोंद बदलली की सदस्यत्वही बदलते. मनुष्याला त्याचा पत्ता लागतोच असे नाही. एक बारकावा येथेच सांगितला पाहिजे. रकाना रिकामा असेल तर तुलनाच होत नाही. दोन एकरांपेक्षा कमी जमीन असणाऱ्यांच्या गटात अशी नोंद जात नाही, आणि दोन किंवा अधिक एकर असणाऱ्यांच्या गटातही जात नाही. ती कोठेच नसते.

ही कल्पना संगणकाबरोबर आली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वऱ्हाडातील शेतकरी दीडशे वर्षांहून अधिक काळ अटींनी बांधलेल्या गटांत मोडत आला आहे. या दीर्घ अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. अट यांत्रिक झाल्याने ती न्याय्य होत नाही. ती कोणत्या भूमीवरच्या अनुभवातून घडली, तिने एकक म्हणून काय धरले आणि चूक पकडण्याची पायरी कोठे ठेवली, यांवर तिचे फळ अवलंबून असते. प्रस्तुत विवेचनासाठी अकोला जिल्ह्यातील पातूर हा परिसर सोयीचा आहे.

पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर, मैदान संपून डोंगर सुरू होतो त्या ठिकाणी वसले आहे. शेख बाबूंच्या दर्ग्यावरून ‘पातूर शेख बाबू’ हे त्याचे जुने नाव पडले. गावाजवळ कोरीव लेणी आहेत. पूर्वी ते बाळापूर तालुक्यात मोडत असे. स्वतंत्र तालुका ते पुष्कळ नंतर झाले. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन, दक्षिणेस मेडशी-मालेगावच्या पठाराकडे चढणारा घाट व त्याच्या उतारावरील उथळ, मुरमाड जमीन, अशी या तालुक्याची रचना आहे. थोड्या कोसांच्या अंतरात जमिनीचा गुण इतका पालटतो की, एकाच अटीने सर्वांना मोजू पाहणाऱ्याची येथे लवकर परीक्षा होते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६० नंतरच्या दशकात तेथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीची पाहणी व जमाबंदी सुरू झाली. या पद्धतीचा पाया गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात घातला गेला होता. त्यातील प्रतबंदी हा चाळणीच्या अटींचा एक अत्यंत विचारपूर्वक केलेला नमुना आहे. जमिनीचे प्रथम रंग व पोत यांवरून तीन प्रकार करावयाचे. नंतर मातीची खोली हातांत मोजावयाची; पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत तिच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. उत्तम काळ्या जमिनीस पावणेदोन हात खोली असेल तर सोळा आणे, दीड हात असेल तर चौदा, याप्रमाणे उतरत जाऊन पाव हात खोलीस साडेचार आणे. एकूण प्रती नऊ; सर्वांत खालची दोन आण्यांची. याखेरीज जमिनीचे दोष वेगळे नोंदविले जात. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, पुराच्या पाण्याने वाहून जाण्याची भीती यांपैकी प्रत्येक दोषास खूण असे, आणि प्रत्येक खुणेगणिक जमीन एक प्रत खाली येई.

या पद्धतीचे दोन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. एक म्हणजे तिची उत्तरे ‘आत’ किंवा ‘बाहेर’ अशी दोनच नव्हती. पाव हात माती कमी भरली तर शेतकऱ्याचे नुकसान एका पायरीपुरते होई. तो सर्वस्वी एका गटातून फेकला जात नसे. दुसरा विशेष एककाचा. प्रत संपूर्ण शेताला एकदम लावली जात नसे. शेताचे रेषांनी भाग पाडून प्रत्येक भागाची खोली व दोष पाहिले जात आणि मग सरासरी काढून त्या शेताचे भागआणे ठरत. म्हणजे सरासरी काढली जाई, पण ती प्रत्यक्ष खोदून पाहिलेल्या लहान तुकड्यांवरून. पातुरासारख्या डोंगरपायथ्याच्या गावी एकाच सर्व्हे नंबरात वरच्या बांधाला मुरूम व खालच्या बांधाला दोन हात काळी माती असू शकते. तेथे या काळजीचे मोल कळते.

या जमाबंदीविषयी गोडवे गाण्याचे कारण नाही. सारा किती घ्यावयाचा हा निर्णय प्रतबंदीच्या बाहेरचा होता, आणि तो घेणाऱ्यांना शेतकऱ्याचे हित प्रथम होते असे इतिहास सांगत नाही. तीस वर्षांच्या मुदतीत पावसाने माती वाहून गेली तरी आणे तेच राहत. तथापि अट घडविण्याचे एक तंत्र म्हणून पाहता ती तिच्या अनेक वारसांहून सरस होती.

प्रतबंदी जमिनीला कायमचा गट देते. पीक मात्र दरसाल वेगळे येते. त्यासाठी आणेवारी निर्माण झाली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे धरून गावचे पीक किती आणे आले हे ठरवावयाचे, आणि ते विशिष्ट आकड्याखाली गेले तर साऱ्याची वसुली तहकूब करावयाची, ही ती पद्धत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. त्यानंतर आण्यांची जागा पैशांनी घेतली व आणेवारीची पैसेवारी झाली. आज महाराष्ट्रात गावाची अंतिम पैसेवारी पन्नास पैशांखाली आली की ते गाव टंचाईच्या सवलतींच्या गटात मोडते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती त्यामागोमाग येतात. त्या मिळण्यासाठी गावातील कोणीही अर्ज करीत नाही. गट अटीने बनतो.

येथे भागआण्यांची पायरी जाऊन तिच्या जागी भिंत आली. एकोणपन्नास पैशांचे गाव आत, एक्कावन्नचे बाहेर. एककही बदलले, शेताच्या तुकड्यावरून ते सबंध गावावर गेले. घाटाच्या उतारावरचे ज्याचे पीक करपले तो आणि ओढ्याकाठी ज्याची कपाशी बरी साधली तो, अशा दोघांना गावाच्या सरासरीचे फळ सारखेच मिळू लागले.

ज्या ठिकाणी उत्तर दोनच प्रकारचे असते तेथे भांडण नियमाविषयी न होता आकड्याविषयी होते. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा गाभा नेमका हाच होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब व्हावा, हा नियम सरकारलाही मान्य होता आणि शेतकऱ्यांनाही. शेतकऱ्यांच्या मते पीक चार आण्यांच्या आत होते; अधिकाऱ्यांच्या मते ते अधिक होते. नियम यंत्रासारखा असला तरी त्यात घातलेला आकडा माणसाच्या नजरेतून आलेला होता.

पैसेवारीच्या पद्धतीने या अडचणीवर अंशतः उपाय केला, आणि तिच्या टीकाकारांनी हे श्रेय तिला द्यावयास हरकत नाही. गावात तलाठी, सरपंच, शेतकरी इत्यादींची समिती असते. पीककापणीचे प्रयोग ठराविक मापाच्या तुकड्यावर होतात. मुख्य म्हणजे आकडा एकदम अंतिम होत नाही. वऱ्हाडात खरिपासाठी प्रथम नजरअंदाज, मग सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी प्रसिद्ध होते. पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत तीन महिन्यांचा अवधी असतो, आणि तेवढ्यात गाव बोलू शकते. नजरअंदाज पैसेवारी फसवी निघाली म्हणून ओरड होते व पुढच्या टप्प्यात कधीकधी आकडा उतरतोही. ही ओरड कारभाराला त्रासदायक वाटत असेल. परंतु चूक पकडण्याची पायरी ती हीच.

यानंतरचा टप्पा कर्जमाफीचा. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. तेथे गट जिल्ह्याच्या नावानेच बांधलेला होता. २००८ साली केंद्र सरकारने देशव्यापी कर्जमाफी व कर्जसवलत योजना काढली, तेव्हा गट पुन्हा अटींनी बांधण्यात आला. अटी अशा: कर्ज ३१ मार्च १९९७ ते ३१ मार्च २००७ या काळात दिलेले असावे, ते ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेले असावे, आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत फेडलेले नसावे. या तिन्ही अटी ‘आणि’ने जोडलेल्या होत्या. त्यांत बसणाऱ्यांची पुन्हा विभागणी होती. ज्याची जमीन दोन हेक्टरांपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकर, त्याला पूर्ण माफी. त्याहून अधिक असेल त्याने पंचाहत्तर टक्के भरल्यास पंचवीस टक्के सूट. अवर्षणप्रवण म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत ही सूट पंचवीस टक्के किंवा वीस हजार रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती.

पाच एकरांची ही रेषा विदर्भात त्या वेळी मोठ्या वादाचा विषय झाली, आणि त्या वादात तथ्य होते. जमिनीचे क्षेत्र हा शेतकऱ्याच्या सांपत्तिक स्थितीचा निर्देशक मानावयाचा, तर प्रथम त्या क्षेत्रातून काय पिकते हे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या कायद्याला हे ठाऊक होते. १९६१ च्या शेतजमीन कमाल मर्यादा कायद्यात १९७५ पासून अंमलात आलेल्या सुधारणेप्रमाणे बारमाही पाणी असलेल्या जमिनीची मर्यादा अठरा एकर व कोरडवाहू जमिनीची चोपन्न एकर आहे. एक एकर बागायत म्हणजे तीन एकर कोरडवाहू, असे समीकरण राज्याने स्वतःच मान्य केले होते. त्या समीकरणाने पाहता बागायती प्रदेशातील पाच एकरांच्या बरोबरीला पातूरच्या उतारावरील पंधरा एकर यावयास हवे होते. ते आले नाही. सात एकर मुरमाड जमिनीवर कापूस व तूर पेरणारा कोरडवाहू शेतकरी ‘इतर शेतकरी’ या गटात गेला. आणि त्या गटातील सवलत मिळण्यासाठी आधी पंचाहत्तर टक्के रक्कम उभी करावयास हवी, ही तर त्याची मूळ अडचण होती. विंगेटच्या प्रतबंदीने सोळा आण्यांची व साडेचार आण्यांची जमीन वेगळी ओळखली होती. एकशेसाठ वर्षांनी लिहिलेल्या अटीला मात्र एकर तेवढे दिसले.

अट चुकीची असणे आणि अट चुकीने लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात मिळतो. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २०,२१६ खात्यांत, म्हणजे २२ टक्क्यांहून अधिक ठिकाणी, त्रुटी आढळल्या. कर्ज असूनही लाभार्थी न धरलेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ खाती वास्तविक पात्र होती. उलट लाभ मिळालेल्यांत सुमारे साडेआठ टक्के खाती अपात्र निघाली. चाळणीला दोन्ही बाजूंनी भोके होती. यांतील पहिल्या प्रकारच्या चुकीकडे संशोधकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. जो अपात्र आत आला त्याचे नाव यादीत सापडते. जो पात्र बाहेर राहिला त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. तो शोधण्यासाठी यादीबाहेरची खातीच उघडावी लागतात.

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत चाळणी खऱ्या अर्थाने संगणकाच्या हाती गेली. २८ जून २०१७ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल २००९ नंतर घेतलेली व ३० जून २०१६ रोजी थकीत असलेली दीड लाखांपर्यंतची कर्जे माफ होणार होती. ८९ लाख शेतकरी व ३४,०२२ कोटी रुपये, असा घोषित अंदाज होता. वगळण्याच्या अटी पुष्कळ होत्या: आजीमाजी मंत्री, खासदार, आमदार, चतुर्थ श्रेणी सोडून इतर शासकीय नोकर, आयकर भरणारे, मासिक पंधरा हजारांवर निवृत्तिवेतन घेणारे. शिवाय मर्यादा व्यक्तीला नसून कुटुंबाला होती, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अठरा वर्षांखालील मुले, अशी व्याख्या होती.

कागदावर प्रत्येक अट समर्थनीय होती. प्रश्न असा की, प्रत्येक अटीला एक रकाना लागतो आणि प्रत्येक रकाना कोणीतरी भरावा लागतो. शेतकऱ्यांनी अर्ज ऑनलाइन भरले. बँकांकडून सहासष्ट रकान्यांची माहिती मागविण्यात आली. मग संगणकाने एकीचा मेळ दुसरीशी घालावयाचा होता. बँकेची नोंदवही कर्जखात्याची असते. तिला ‘कुटुंब’ ठाऊक नसते. पतीचे खाते जिल्हा बँकेच्या सोसायटीत व पत्नीचे राष्ट्रीयीकृत बँकेत असेल, तर दोघांना जोडणारा धागा आधार क्रमांक एवढाच. आणि तो रकाना रिकामा वा चुकीचा असेल तर धागा तुटला. अनेक नावांपुढे एकच आधार क्रमांक, अशाही नोंदी बाहेर आल्या. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी समारंभपूर्वक प्रमाणपत्रे दिली गेली. प्रत्यक्ष लाभ मात्र लांबत गेला.

यातून जो मार्ग काढण्यात आला तो अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मेळ बसलेल्या नोंदी हिरव्या यादीत, अर्धवट बसलेल्या पिवळ्या यादीत व न बसलेल्या लाल यादीत, अशी विभागणी झाली आणि पिवळी यादी तपासण्याचे काम तालुका पातळीवरील समित्यांकडे आले. म्हणजे दोन उत्तरांच्या चाळणीला तिसरे उत्तर जोडावे लागले: ‘सांगता येत नाही, पाहून या’. योजनेत चावडीवाचनाचीही तरतूद होती. गावात यादी मोठ्याने वाचली की कोण सुटला व कोण घुसला हे बसलेल्या लोकांना तत्क्षणी कळते. सहासष्ट रकान्यांत जे मावत नाही ते चावडीला ठाऊक असते. पुढे २०१८ मध्ये कालमर्यादा मागे नेऊन २००१ पासूनची कर्जेही योजनेत घेण्यात आली.

२७ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने आलेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या अनुभवाचे अपत्य होय. तीत अर्जच नव्हता. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधील व ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेली दोन लाखांपर्यंतची कर्जे बँकांनीच कळवावयाची होती. कुटुंबाची व्याख्या गेली, व्यक्ती हे एकक झाले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांची पहिली यादी लागली व काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरळीत झाले. अटी कमी केल्या की चुकीच्या जागा कमी होतात, हा धडा घेतला गेला. परंतु याच सुधारणेत एक गोष्ट हरवली. २०१७ च्या योजनेत दीड लाखांवर कर्ज असणाऱ्याला वरची रक्कम भरून एकरकमी परतफेडीने लाभ घेता येत होता. २०१९ च्या मूळ योजनेत ती सोय नव्हती. दोन लाखांवर थोडी रक्कम असली तरी शेतकरी पूर्णपणे बाहेर. व्याजाने फुगलेली थकबाकी आणि मोठ्या कर्जदाराची थकबाकी यांत अटीने फरक केला नाही.

दुष्काळाच्या बाबतीतही असाच बदल झाला. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेस अनुसरून राज्याने ७ ऑक्टोबर २०१७ रोजी नवे निकष स्वीकारले. पावसातील तूट व खंड ही पहिली कळ. उपग्रहावरून मोजलेली वनस्पतींची स्थिती, मातीतील ओलावा इत्यादी दुसरी. आणि मग निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. २०१८ मध्ये ‘महामदत’ या संगणकप्रणालीच्या साहाय्याने ही छाननी झाली व ३१ ऑक्टोबर रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ११२ गंभीर, ३९ मध्यम. एकक आता गावाहूनही मोठे, तालुक्याएवढे झाले. घाटावरची गावे आणि मैदानातील गावे एकाच सरासरीत घालणाऱ्या पातूरसारख्या तालुक्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

२०२३ मध्ये या निकषांनी चाळीसच तालुके आत आले. त्यांत सबंध विदर्भातील दोनच, बुलढाणा व लोणार. इतरत्र असंतोष उसळला. तेव्हा नोव्हेंबरमध्ये महसूल मंडळ हे लहान एकक धरून दुसरी चाळणी लावण्यात आली. तिच्या अटी दोन: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असावा, आणि तो ७५० मिलिमीटरहून कमी असावा. वरवर पाहता दोन्ही सारख्याच वजनाच्या वाटतात. पण गणित करून पाहिले तर निराळे दिसते. ज्या मंडळाची सरासरी हजार मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे, तेथे पहिली अट पूर्ण झाली की दुसरी आपोआप पूर्ण होते. कारण हजाराचे ७५ टक्के म्हणजेच साडेसातशे. अकोला जिल्ह्याची सरासरी हजाराच्या बरीच खाली असल्याने पातूरच्या मंडळांना दुसरी अट असून नसल्यासारखी होती. जेथे सरासरी हजारावर आहे अशा धानपट्ट्यात मात्र तीच अट दार बंद करणारी ठरते: बाराशे मिलिमीटरची सवय असलेल्या भाताला आठशे मिलिमीटर मिळाले, तर पहिली अट पूर्ण होऊनही मंडळ बाहेर राहते. एकाच वाक्यातील ‘आणि’ हा शब्द एका जिल्ह्यात निरुपद्रवी व दुसऱ्यात निर्णायक होतो, आणि शासन निर्णय वाचणाऱ्याला ते वाक्यात दिसत नाही.

पैसेवारी या सर्व काळात बंद पडली नाही. उपग्रहाचे निर्देशांक आल्यानंतरही वऱ्हाडातील जिल्हाधिकारी ३१ डिसेंबरच्या सुमारास गाववार आकडे प्रसिद्ध करीत राहिले, आणि पन्नास पैशांच्या आतबाहेर कोणती गावे गेली हे तालुक्याच्या ठिकाणी पूर्वीइतक्याच उत्सुकतेने पाहिले जात राहिले. २०१९ च्या योजनेतही एक जुनी पायरी नव्या रूपात टिकली: आधार प्रमाणीकरणाच्या वेळी पडद्यावर दिसलेली रक्कम शेतकऱ्याला मान्य नसेल, तर त्याने तसे नोंदवावयाचे आणि मग ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावयाचे.